सालीसकट

आत्या गेल्यापासून दुकानात येणारं प्रत्येक माणूस काउंटरवर कोपर टेकवून मला सांगतं, "तुमच्या आत्या फार प्रेमळ होत्या हो." पहिल्या दोघातिघांना मी मान डोलावली. मग माझं डोकं फिरलं. पुढच्या गृहस्थांना म्हटलं, "काका, ती प्रेमळ बिमळ काही नव्हती. तुम्हाला तर तिने एकदा याच दारातून बाहेर काढलं होतं. विसरलात?" काका ओशाळून हसले आणि काही न घेताच निघून गेले. आईने मागून डोळे वटारले. गिऱ्हाईक गेलं तर गेलं! माणूस मेलं की त्याला लगेच पाकात घोळवून ठेवायचं, ही लोकांची खोड मला सहन होत नाही. आत्या तापट होती, फटकळ होती, आणि बहुतेक वेळा तिचा राग बरोबर असायचा. लोकांना तेच जड जायचं.

म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

आमचं चीजचं दुकान एका अरुंद गल्लीत आहे. शेजारी बेकरी, मागच्या बोळात जोडे शिवणाऱ्याची टपरी. दुकानात काचेचं काउंटर, थंड कपाट आणि तराजू. काउंटरच्या मागे एक बुटकं दार आहे, त्यातून दगडी पायऱ्या खाली तळघरात उतरतात. आजोबांनी जाताना दुकान दोन्ही मुलांना मिळून दिलं. माझ्या बाबांना वरचं, आत्याला खालचं. बाबा थोरले. त्यांच्या जिभेवर साखर, म्हणून गल्लीत त्यांचं नाव "खडीसाखर" पडलं होतं, आणि आत्याचं "ठसका". बाबा बोलायला लागले की नुसतं वाट विचारायला आलेलं माणूसही पाव किलो घेऊन जायचं. आत्या वर आली की नेहमीचं गिऱ्हाईकसुद्धा जरा सरळ उभं राहायचं.

काउंटरवरचं बहुतेक चीज परदेशातून खोक्यांत यायचं. मऊ पांढऱ्या सालीचं ब्री, मेणाच्या कवचातलं गौडा, आखूड सुरी खुपसून फोडायचं पार्मेझान, निळ्या शिरांचं रोकफोर, खाऱ्या पाण्यात बुडवलेलं फेटा. खोकी आत्या उघडायची. अंगठ्याने दाबून, नाकाशी धरून, बोटाने वाजवून ती ठरवायची, हे आज कपाटात, हे आठवड्याने, आणि हे आल्या पावली परत. पण तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच चीज होतं. आम्ही त्याला तांबडी म्हणायचो.

तांबडी म्हणजे जेवायच्या ताटाएवढी चकती. सकाळी गावाबाहेरच्या गोठ्यातून दूध यायचं, ते फाडून, दाबून, खारवून आत्या पांढऱ्या चकत्या पाडायची. "इथवर कुणालाही जमेल," ती म्हणायची. खरं काम पुढे होतं. चकत्या लाकडी फळ्यांवर मांडायच्या आणि दिवसाआड मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायच्या. या पुसण्यालाही क्रम होता. आधी सगळ्यात जुनी, पिकून तांबूस आणि चिकट झालेली चकती. मग त्याच फडक्याने तिच्याहून धाकटी. सगळ्यात शेवटी कालची कोरी. जुनीच्या सालीत जे जिवंत असतं ते फडक्याला लागतं, फडक्यावरून नवीच्या अंगाला लागतं, तिथे वाढतं, आणि तीच साल मग आतलं चीज पिकवत नेते. फळ्यांच्या लाकडातही तेच मुरलेलं असायचं. आजोबांच्या आईने सुरू केलेली ती साल अशी चकतीवरून चकतीवर, फडक्यावरून फडक्यावर आत्यापर्यंत चालत आली होती. मध्ये कधी तुटली नव्हती.

वास यायचा. खोटं कशाला बोलू, पायमोज्यांचा यायचा. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायला तयार नसे. मी रडत घरी आले की आत्या म्हणायची, "ज्याला नाक आहे पण जीभ नाही, त्याच्याशी मैत्री करून करायचंय काय?" तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "रोज एवढ्या जणांची अंगं पुसते, त्यात आणखी एक कशाला?"

चीज कसं खावं यावर ती कुणाचंही ऐकून घेत नसे. फ्रीजमधून काढून लगेच तोंडात टाकणाऱ्याला ती म्हणायची, "बर्फच चघळायचाय तर घरी चघळा, पैसे कशाला घालवता?" तास-दीड तास आधी बाहेर काढून ठेवा, त्याला श्वास घेऊ द्या, मग ते बोलतं. सौम्य आधी, तिखट नंतर. रोकफोर आधी खाल्लंत तर पुढचं सगळं माती लागेल. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, कागदात ठेवा. आणि तुकडा करताना टोकापासून कडेपर्यंत लांब काप काढा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मधलं मऊ आणि कडेची साल दोन्ही येईल. एका साहेबांनी पाहुण्यांच्या देखत ब्रीचं मऊ टोक तेवढं स्वतःच्या बशीत घेतलं, तेव्हा आत्या पायऱ्यांवरून वर येत म्हणाली, "मधला लोण्याचा गोळा तुम्हाला, आणि कडा पाहुण्यांना? घरीही असंच वाढता का?" सुरुवातीला सांगितलं ते, दाराबाहेर काढलेले काका हेच.

बाबांना हे सगळं तिनेच शिकवलं होतं. दर शनिवारी दुकानात चाखणी असायची. बाबा फळीवर पाच-सहा प्रकार ओळीने मांडायचे, मध, अक्रोड, सफरचंदाच्या फोडी, साधा पाव ठेवायचे, आणि आत्याचीच वाक्यं तुपात तळून काढल्यासारखी लोकांना ऐकवायचे. लोक खूश. आत्या शनिवारी खालीच असायची. गर्दी दिसली की तिला भांडावंसं वाटतं, असं ती स्वतःच म्हणायची.

मी तेव्हा बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसायचे, दुकानात नव्हते. त्यामुळे वर काय चालायचं ते मलाही नीट माहीत नव्हतं.

मग आत्याचा गुडघा गेला. पायऱ्या उतरायच्या-चढायच्या, वाकायचं, चकत्या उचलायच्या, किती वर्षं सहन करणार? ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने बाबांना तळघरात नेऊन सगळं पुन्हा दाखवलं. मी तिथे होते. "फडकं हेच. आधी ही म्हातारी, मग या, शेवटी त्या. दिवसाआड. बाकी कशाला हात लावू नकोस, दादा." बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू निश्चिंत जा गं. मी आहे ना."

दवाखाना, मग आमच्या घरी पलंगावर, असे बरेच दिवस गेले. बाबा रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसायचे. "खाली कसं आहे?" "झकास. तू फक्त बरी हो. एक गंमत आहे तुझ्यासाठी." आई गालातल्या गालात हसायची. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ती गंमत ठाऊक होती. मला नव्हती, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं बाबांचं मत होतं.

आत्या काठी टेकत दुकानात आली त्या दिवशी शेजारपाजारचे आठ-दहा लोक जमले होते. बेकरीवाल्याने केक आणला होता. बाबांनी बुटकं दार उघडून दिव्याचं बटण दाबलं. पायऱ्यांना नवा कठडा होता. खाली भिंतींना पांढऱ्या फरशा, छताला लख्ख दिवे, स्टीलचे चाकांचे रॅक, आत्याला वाकावं लागू नये म्हणून बरोबर तिच्या कमरेच्या उंचीचे. एक गादीची खुर्चीसुद्धा. चकत्या ओळीने मांडलेल्या, घासूनपुसून बाळासारख्या गोऱ्यापान. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याने हवा हुंगली. तळघरात जंतुनाशकाचा वास भरला होता, दवाखान्यात होता अगदी तोच.

"फळ्या कुठायत?" ती म्हणाली.

"कुजल्या होत्या गं, काळ्या पडल्या होत्या. दिल्या बेकरीत."

"कशाला?"

बेकरीवाला उत्साहाने पुढे झाला. "भट्टीत घातल्या, ताई. लाकूड काय झकास पेटलं!"

"आणि ह्या? ह्यांना काय केलंस?"

"ब्रशने घासल्या, औषधाच्या पाण्याने पुसल्या. ते जुनं फडकंही फेकलं. दोन माणसं लावली होती. बघ ना, वासाचं नाव नाही!"

आत्या जे ओरडली ते मी इथे लिहीत नाही, पण बेकरीवाला केक घेऊनच पळाला. तिने काठीने स्टीलचा एक रॅक ढकलला, तो घरंगळत जाऊन भिंतीवर आपटला. "मारलंस रे! सगळी मारलीस! आजीच्या हातची होती ती, माझ्या हातावर जगवली होती, आणि तू औषध घालून मारलीस!" बाबा तिथेच उभे होते. तोंडावर अजूनही ते हसू होतं, फक्त आता ते कुठे ठेवावं हे त्यांना समजत नव्हतं.

आणि मग सुरू झालं ते. त्याचा मला आजही संताप येतो. "अहो ताई, तुमच्यासाठीच केलं ना त्यांनी." "एवढा जीव लावणारा भाऊ मिळायला भाग्य लागतं." "गुडघ्याचा विचार केला बिचाऱ्याने." आईसुद्धा म्हणाली, "वन्सं, असू द्या हो. मनात वाईट नव्हतं त्यांच्या." जिचं घर जाळलं तिनेच वर आभार मानायचे! कुणाचंही नुकसान करायचं असेल तर आधी त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवावी, म्हणजे गाव आपल्या बाजूने उभं राहतं. मी तसं मोठ्याने म्हणालेही. 

त्या रात्री आत्या जेवली नाही. सकाळी तिने मला उठवलं तेव्हा तिचा आवाज थंड होता. "सालीचा एक तुकडा जरी कुठे जिवंत सापडला तरी पुरे. खरवडून मिठाच्या पाण्यात घालते, कोऱ्या चकत्यांना लावते. तांबडी कुणाकुणाच्या घरी गेलीय ते मला माहितीये. चल." मी खिडकीला रजा टाकली आणि तिला घेऊन निघाले.

पहिल्यांदा निवृत्त बँडमास्तरांकडे. त्यांच्याकडे तुकडा होता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात कोंबलेला. एरवी आत्याने त्यांना एवढ्यावरूनच उभं-आडवं घेतलं असतं. तिने फक्त विचारलं, "साल?"

"साल तेवढी काढून टाकली," मास्तर म्हणाले. "खायची नसते ना ती."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या भावानेच. चाखणीला सांगतात की ते, बाहेरचं सोलून टाका, आतलं सोनं आहे."

खाली उतरताना आत्या म्हणाली, "मेणाचं सांगितलं असेल दादाने. गौडाचं मेण खायचं नसतं. ह्या मास्तरला ढोल वाजवून वाजवून ऐकू येत नाही." मीही हो म्हटलं.

मग दातांच्या डॉक्टरांच्या घरी. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. "सालीचा तुकडा? अहो, आमच्याकडे साल येतच नाही. तुमचे भाऊ दुकानातच सोलून देतात. बहुतेकांना देतात. वासामुळे हो. वर थोडा मध लावायला सांगतात, म्हणजे उरलासुरला वासही मरतो." आणि हसून पुढे म्हणाल्या, "किती काळजी घेतात ना ते गिऱ्हाइकांची?"

"काढलेली साल कुठे टाकतो तो?" आत्याने विचारलं.

"काउंटरखाली डबा आहे ना कचऱ्याचा. तुम्हाला माहीत नाही?"

जिन्यात आत्या थांबली. मला वाटलं गुडघा दुखतोय. मी तिचा दंड धरला तर तिने तो सोडवून घेतला.  ती खाली वाकवाकून, थंडीत बोटं सुजवून जी साल वाढवायची, ती वरच्या मजल्यावर दिवसभर कचऱ्यात जात होती. वर्षानुवर्षं. आणि दुकान बंद झालं की बाबा डबा रिकामा करून खाली हाक मारायचे, "आज तुझी तांबडी हातोहात गेली हं!"

"आत्या, मी बोलते बाबांशी," मी म्हटलं. 

"तू तोंड उघडायचं नाहीस," ती म्हणाली. "आधी साल. दुकानात चल, मागच्या बोळातून. पुढच्या दारातून जाऊन मला त्याचं तोंड बघायचं नाही."

बोळात जोडे शिवणारा जेवायला बसला होता. टपरीच्या फळीवर, टाचांच्या आणि खिळ्यांच्या डब्यांच्या मध्ये, कागदावर पाव आणि तांबडीचा तुकडा. सकाळपासून बाहेर काढून ठेवलेला असणार, कडेने छान ढिला पडला होता. लालबुंद साल जशीच्या तशी. त्याने तो उचलून तोंडाजवळ नेला आणि आत्या किंचाळली, "थांब! चावू नकोस!"

दचकून त्याच्या दुसऱ्या हातातला पाव पडला. आत्याने धापा टाकत काय हवंय ते सांगितलं.

"घ्या की, बाई. तुम्ही दवाखान्यात जायच्या आधी दिलेलाच आहे, पुरवून पुरवून खातोय. पण उष्टं आहे. या बाजूने खाल्लंय मी."

"असू दे उष्टं. तू साल खातोस?"

"सालच तर खातो. आत काय, नुसतं लोणी. दिवसभर लोकांच्या जोड्यांत नाक घालून बसतो मी, मला कसला आलाय वास." त्याने चावलेला भाग मोडून घेतला आणि बाकीचा तुकडा कागदात बांधून दिला. "म्हणून तर मी मागच्या दाराने तुमच्याकडून घेतो. पुढे गेलं की तुमचे भाऊ सोलायला बघतात."

"मग हे मला का नाही सांगितलंस?"

तो गोंधळला. "मला वाटलं, तुम्हाला माहितीये. सगळ्यांना माहितीये."

त्या तुकड्याची साल आत्याने चमच्याने खरवडून मिठाच्या पाण्यात कालवली. सुताराकडून मी कोऱ्या फळ्या आणल्या. फरशांवर, रॅकवर तिने गरम पाणी ओतून ओतून औषधाचा वास घालवला. खुर्ची तिने स्वतः वर आणून रस्त्यावर ठेवली, ती कुणीतरी नेली. मग ती पुसत बसली. पहिल्या काही चकत्यांवर काळी, केसांसारखी बुरशी आली, त्या टाकल्या. पुढच्यांवर हिरवी बुरशी आली, त्याही टाकल्या. दुधवाला रोज विचारायचा, "अजून आणू का, ताई?" आणि ती म्हणायची, "आणत राहा." बाबांशी ती एक शब्दही बोलत नव्हती. बाबा मात्र रोज पायऱ्यांच्या तोंडाशी यायचे. "चहा ठेवू का गं? फार वेळ उभी राहू नकोस. अगं, सांग ना, काय चुकलं माझं?" त्यांना वाटत होतं, राग अजून फळ्यांचाच आहे. मला आतून उकळत होतं, पण मला तोंड उघडायची बंदी होती.

अखेर एका चकतीच्या कडेला बोटाच्या पेराएवढा तांबूस डाग दिसला. आत्याने मला खाली बोलावून तो दाखवला. मी तिला मिठी मारली, तर म्हणाली, "अंगावर पडू नकोस, गुडघा आहे." डाग पसरला. पुढच्या चकत्यांनीही धरलं. पहिली पिकायला आणखी बराच काळ गेला. रंग पूर्वीपेक्षा फिका होता. चव जवळपास तीच, पण तीच नाही, हे तिनेच मला सांगितलं. एका मोच्याच्या उष्ट्या तुकड्यातून जेवढं परत येईल तेवढं आलं होतं.

त्या शनिवारी ती चाखणीला वर आली. दुकान भरलं होतं. मास्तर होते, डॉक्टरीणबाई होत्या, मीही खिडकीवरून लवकर सुटून आले होते. आत्याने चकती काउंटरवर ठेवली. बाबांचे डोळे भरून आले, खरंच आले. "बघा मंडळी!" ते म्हणाले. "माझ्या बहिणीची तांबडी! परत उभी केली तिने. अशी जिद्द, असे हात तुम्हाला दुसरीकडे दिसणार नाहीत." त्यांनी एक सुरेख लांब काप काढला, टोकापासून कडेपर्यंत, तिने शिकवला होता तसा. आणि मग, बोलता बोलता, बहीण शेजारी उभी असताना, सवयीने सुरीचं पातं सालीखाली घातलं आणि सोलायला लागले.

आत्याने त्यांचं मनगट धरलं.

"सालीसकट दे."

"अगं, लोकांना जरा..."

"लोकांना नको. तू खा."

बाबा हसले. "मी नंतर खातो गं. आधी पाहुणे."

"खा."

त्यांनी तुकडा तोंडात घातला. दोनदा चावला. मग त्यांचं तोंड वाकडं झालं, ते वळले आणि मागच्या बेसिनकडे गेले. नळाचा आवाज आला.  बाबा तोंड पुसत परत आले आणि पुन्हा तेच हसू घेऊन म्हणाले, "सकाळपासून पोट जरा बरं नाहीये. चकती उत्तम झालीय, हं. अगदी..."

"दादा!"

"अगं, खरंच उत्तम..."

"गोड बोलू नकोस! साल कचऱ्यात टाकायचास, हे सगळ्या गावाला माहीत होतं. वर माझी तारीफ करायचास आणि खाली डबा भरायचास. फळ्या कशाला जाळल्यास ते मला आता कळलं. माझा गुडघा निमित्त होता. बोल, काय आहे ते बोल!"

"तुला वाईट वाटेल, असं मी कधी..."

"बोल!" तिने काउंटरवर थाप मारली, सुऱ्या उडाल्या.

आणि बाबा ओरडले. माझ्या आयुष्यात मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. "घाण आहे ती! घाण! लहानपणापासून मला मळमळतं त्या वासाने. माझ्या कपड्यांना येतो, अंथरुणाला येतो, माझ्या पोरीला शाळेत कुणी जवळ बसवत नव्हतं! लोक नाक दाबून आत यायचे आणि मी तुझं कौतुक करत उभा राहायचो. तुला सांभाळायला! सांग, कसं विकायचं मी ते? सांग!"

डॉक्टरीणबाईंनी पर्स छातीशी धरली. आई माझ्या हाताला चिमटा काढत होती, काहीतरी कर म्हणून. मी काही केलं नाही. माझ्या नावाने ते बोलले, त्याचाही मला राग आला होता. बाकावर मी एकटी बसायचे, पण मला जवळ घेऊन बसायची ती आत्याच.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"हे तू विशीत बोलला असतास," ती म्हणाली, "तर मी तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि काउंटरला दुसरं माणूस ठेवलं असतं. दोन दिवस भांडलो असतो, तिसऱ्या दिवशी जेवलो असतो. मला सांभाळायला कुणी सांगितलं होतं तुला? मी खाली एकटी राबत होते आणि मला वाटत होतं, वर माझा माणूस आहे."

बाबांचा आवाज पुन्हा मऊ झाला. "चुकलं गं माझं. तू म्हणशील तसं करू. मी उद्यापासून स्वतः..."

"नको. परत सुरू नको करूस ते." तिने त्यांच्या गळ्यातला ॲप्रन ओढून काढला. "जा तू. रागावून जा, दार आपटून जा, हवं तर पुन्हा तोंड बघणार नाही म्हण. पण गोड बोलून जाऊ नकोस."

बाबा काउंटरमागून बाहेर आले. मग गेले, आणि दार असं आपटलं की काचेवरची मधाची बरणी खाली पडून फुटली.

आत्याने ॲप्रन बांधला, सुरी पुसली, अर्धवट सोललेला काप बाजूला सारून नवा काढला, टोकापासून थेट सालीपर्यंत.

"हं," ती म्हणाली. "पुढे कोण आहे?"